लोकरीतला कापूस

१

यादीत सहा कॉम्प्युटर होते, खोलीत सहाच निघाले, आणि तरीही त्यातला एक चोरीला गेला होता.

हे कोडं माझं नाही. मी मुंजाजी, परभणीचा टेम्पोवाला. मला कोडी सुटत नाहीत आणि घालताही येत नाहीत. हे साधनाबाईंनी घातलं, राणीसावरगावच्या मेंढपाळ संस्थेच्या दफ्तरात, सकाळी साडेनऊला, मी चहा नुकताच बशीत ओतलेला असताना. तो चहा तसाच गार झाला, हे मी अजून विसरलेलो नाही.

साधनाबाई पाथरीच्या. वीस वर्षं त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त केले, आता परभणीच्या एका केंद्रासाठी जुने गोळा करतात. तिथं यंत्र सुटं करून तांबं, पत्रा, प्लास्टिक वेगळं काढतात आणि विषारी भाग मातीत जाऊ देत नाहीत. माझी बायको ह्याला सरळ भंगार म्हणते. बाईंना तो शब्द चालत नाही. "वापरून संपलं ते भंगार, मामा. लोक तर न संपलेलंच फेकायलेत," असं त्या म्हणतात आणि मी मान हलवतो, कारण भाडं त्याच देतात.

संस्थेनं महिन्याभरापूर्वी सगळा कारभार क्लाऊडवर टाकला होता. म्हणजे कागदपत्रं आता दफ्तरातल्या डब्यांत नाहीत, दूर कुठंतरी मोठ्या यंत्रांवर आहेत. इथं नुसती बघायची खिडकी लागते. सहा जुन्या कॉम्प्युटरांच्या जागी सहा नवे घ्यायचं ठरत होतं, ते रद्द झालं. दोन लहान पेट्या आणि प्रत्येकाच्या हातातला फोन, एवढ्यावर भागलं. चेअरमन भुजंगराव मला कौतुकानं सांगत होते, "मेंढरं आठ म्हैने भाईर, आन लस टोचल्याचा कागद हितं कपाटात. रस्त्यात कुणी आडवलं की बसा बोंबलत. आता जिथं मेंढरू तिथं कागद."

आमच्या कामाची एक रीत आहे. जुना कॉम्प्युटर टेम्पोत चढण्याआधी बाई तो संस्थेच्या माणसांसमोर उघडतात, आतली डिस्क काढतात, तिला ड्रिलनं भोकं पाडतात. त्या डिस्कवर साडेसहाशे घरांचे आधार नंबर, अंगठे, फोटो. ती कुणाच्या हाती लागायला नको.

पाच झाले. पाचांच्याही पोटात पंख्याभोवती करड्या लोकरीचा जाड थर बसलेला, घोंगडीचा तुकडा चिकटवावा तसा. शेजारच्याच खोलीत मेंढरं कातरतात, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. सहाव्यावर 'सचिव' अशी चिठ्ठी होती. बाईंनी त्याचा पत्रा सरकवला आणि थांबल्या. मग मागचा नंबर वाचला, रजिस्टर पाहिलं, पुन्हा नंबर वाचला.

"चेरमन, हा नंबर जमत न्हाई."

"लिव्हताना चुकला आसंल."

"पाच बरोबर आन योकच चुकला?" बाईंनी पंख्यातून चिमूटभर काहीतरी उपटून त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते पांढरं होतं. "कॉम्प्युटर वर्षानुवर्षं श्वास घेतो. जिथं घेतला तिथली हवा त्याच्या पोटात ऱ्हाती. ह्या मशीननं जल्मात लोकर बगितली न्हाई. हा कापूस हाय. चिठ्ठी तुमची, मशीन दुसऱ्या गावचं."

भुजंगरावांनी तळहाताकडं पाहिलं, मग खोलीच्या दाराकडं, मग दारात उभ्या असलेल्या दैवशालाकडं.

"चावी कोणाकडं ऱ्हाती, दैवशाला?"

"माझ्याकडं," ती म्हणाली.

२

दैवशाला ही संस्थेची ऑपरेटर. पस्तिशीची, बारीक अंगाची. तिच्या बापाची मेंढरं सतत फिरती असायची, त्यामुळं एका गावात एक वर्ष शाळा असं तिला कधी लाभलं नाही. तरी आज साडेसहाशे घरांचं दफ्तर तिच्या बोटांवर होतं. आणि त्याच दिवशी दुपारी तीनला संस्थेची सभा होती. मागच्या महिन्यात निवृत्त झालेल्या मन्मथअप्पांच्या जागी दैवशालाला सचिव करायचं, हा सभेपुढचा पहिला विषय होता.

"आता तोच इषय ऱ्हातो, पर उलटा," भुजंगराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "सचिवाच्या मशीनमधी तमाम लोकांच्या सह्या आन अंगठे. कुणीतरी डिस्कसकट डबा पळवला आन तिथं मेलेला डबा ठिवला. हिचा भाऊ बिरदेव कुठं कामाला हाय? पाथरीला, जिनिंगमधी. कापसात. मी तीनला सभेत सांगणार आन तिथून पोलिसात जाणार."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. चावी हिची, भाऊ कापसातला, यंत्र कापसातलं. दोन अधिक दोन चार. पण साधनाबाईंची सवय अशी की चार आले की त्या पुन्हा मोजतात.

"तीनपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "आन मला दफ्तर बगू द्या."

ओसरीवर केवळाबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या, लसीच्या कागदासाठी आलेल्या. त्यांनी मलाच पकडलं. "काय रं बाबा, आमचे कागद ढगात ठिवले म्हणं. ढग काय बापाचा हाय का आपल्या? आज हितं, उद्या नांदेडावर."

मी म्हणालो, "मावशी, तुमी तरी कुठं एका जागी असता?"

त्या हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दैवशाला घेणार न्हाई हां. त्या पोरीनं कधी दुसऱ्याच्या पेंडीतली काडी उचलली न्हाई."

आत बाई टेबलं बघत फिरत होत्या. सहा टेबलांतली पाच उघड्यावर, सहावं सचिवाचं, अर्ध्या उंचीच्या लाकडी आडोशामागं. लोकांना पडद्याची पाठ दिसायची, पडदा नाही. दफ्तराच्या भिंती एकेकाळी पांढऱ्या असाव्यात. आता प्रत्येक टेबलामागं, जिथं कॉम्प्युटरचा पंखा हवा फेकायचा, तिथं तळव्याएवढा करडा डाग होता. सचिवाच्या टेबलामागची भिंत मात्र लख्ख.

"टापटीप माणूस दिसतोय," मी म्हणालो.

"लयच टापटीप," भुजंगराव म्हणाले. "भस्माचे पट्टे लावल्याबिगर मन्मथअप्पा खुर्चीवर बसायचे न्हाईत. कॉम्प्युटरलाबी लावायचे. ह्या संस्थेत कॉम्प्युटर आणला तोच त्या माणसानं. तेरा साली सभेत उभं राहून म्हणले, ज्याला हे येणार न्हाई तो ह्याच्या म्होरं आडाणी. आमी सगळ्यांनी मान्य केलं. आता पोराकडं हायेत, सोनपेठला. पोराचं कापूस खरेदीचं दुकान हाय."

बाई त्या पांढऱ्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग दैवशालाला घेऊन आडोशामागं गेल्या. मी जवळच वायरी गुंडाळत होतो, म्हणून ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"खोली कवापासून बंद हाय?"

"मागच्या सोमवारपून. सगळी मशीन आत ठिवली तवापून."

"त्यानंतर चावी कोणाला दिलीस?"

दैवशालानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"दैवशाला, आज तुजी नौकरी जाईल. इज्जत जाईल. तुला सचिव करणार व्हते."

"ताई, मला दुसरं काय बी इचारा," ती म्हणाली. "हे तेवढं नका इचारू."

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. मला ती चमक माहीत आहे. त्या दिवशी जेवण उशिरा मिळतं.

३

"गुन्हेगार गप्प बसला तर तो सवताला वाचवतो," बाई माझ्याजवळ पुटपुटल्या. "ही गप्प बसून सवताला बुडवायलीय. मग वाचवायलीय कोणाला?"

"भावाला," मी म्हणालो. माझं उत्तर तयार होतं.

त्यांनी तो कापसाचा बोळा पुन्हा घेतला आणि कागदावर झटकला. कापसातून पिठासारखं पांढुरकं काही गळलं. ते त्यांनी चिमटीत चोळलं, मग माझ्या चिमटीत दिलं. "खडू खरखरतो. चुना चावतो. हे कसं लागतंय?"

मऊ लागत होतं, बोटावरून सरकत होतं.

"भस्म," त्या म्हणाल्या. "जिनिंगमधी कापूस उडतो, पर मशीनजवळ रोज सकाळी भस्म कोण लावत बसतंय तिथं? हे दुकानातलं हाय. कापसाचं दुकान, गादी, देवाचा फोटो, आन शेजारी कॉम्प्युटर."

मला सोनपेठ आठवलं आणि माझं तोंड उघडं राहिलं. पण बाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी भुजंगरावांना नव्या पेटीवर संस्थेच्या फायली उघडायला सांगितल्या. क्लाऊडवर गेली तरी फाईल आपली जुनी खूण सोबत नेते. कुणी केली, कुठल्या कॉम्प्युटरवर, किती वाजता, सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. बाईंनी सचिवाची पत्रं उघडली, ठराव उघडले, बारा वर्षांचे. नावाच्या जागी सगळीकडं एकच खूण होती.

"टेबल तीन," भुजंगरावांनी वाचलं. "हे तर दैवशालाचं टेबल."

"वेळ वाचा."

"दीड. पावणेदोन. दीड. सव्वा." ते गोंधळले. "ही तर जेवायची सुट्टी. ही पोरगी सुट्टीत सचिवाच्या फायलीत काय करायली?" मग त्यांचा चेहरा कडक झाला. "म्हंजी बारा वर्षं चोरून वाचायली."

दारातून दैवशाला म्हणाली, "काम अप्पाचंच हाय. शबूद न शबूद त्यांचा. माजी नुसती बोटं." एवढं बोलून तिनं ओठ मिटले, जणू तेवढंही जास्त झालं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत होते. "मामा, सोनपेठ. तीनच्या आत जाऊन यायचं."

"फोन करा की," मी म्हणालो. "पोटात कावळे ओरडायलेत."

"फोनवर माणूस दिसत न्हाई."

टेम्पोत बसताना मी विचारलं, "म्हणजे म्हाताऱ्यानं नेला? लोकांचे अंगठे घेऊन त्याला करायचं काय?"

"त्याला त्यातलं काहीच नको व्हतं. कामून नेला ते मला कळलंय," बाई म्हणाल्या. "भिंतीनं सांगितलं."

गंगाखेड येईपर्यंत मी ती भिंत डोळ्यांसमोर आणून बघत होतो. पांढरी भिंत. तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

४

सोनपेठला अप्पांच्या पोराच्या, शिवप्रकाशच्या दुकानात गादी होती, देवाचा फोटो होता, भस्माचा करंडा होता, आणि फोटोखालच्या फळीवर चौकोनी जागा रिकामी होती. शिवप्रकाश आम्हाला बघून उठला आणि काही न विचारता म्हणाला, "आप्पा घरात हायेत." ज्या माणसाच्या मनात काही नसतं तो आधी विचारतो, कोण पाहिजे.

घरात अप्पांच्या बायकोनं, गौराबाईंनी पाणी दिलं. मन्मथअप्पा खाटेवर बसून एका वहीत लिहीत होते. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. देवघराच्या बाजूला पांढऱ्या धोतरानं झाकलेलं काहीतरी उभं होतं, त्याच्या पुढं ताजं फूल. मी बाईंकडं पाहिलं. बाई अप्पांकडंच बघत होत्या.

"अप्पा, मी राणीसावरगावहून आलेय. जुने कॉम्प्युटर न्यायला."

अप्पांचं पेन थांबलं. "मग? सहा भरले का न्हाई?"

"सहा भरले. पर सहाव्यात कापूस निघाला."

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. बाई त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या, मोठ्या माणसापुढं बसतात तशा, आणि हळू आवाजात सांगू लागल्या.

"सगळे म्हणायलेत, चोरानं डब्यातल्या गोष्टीसाठी डबा पळवला. म्या भिंत बगितली. सगळ्या टेबलांमागं पंख्यानं लोकर फेकून डाग पडलेत. तुमच्या मागं डाग न्हाई. मला आधी वाटलं, पुसलेला आसंल. पर पुसलेल्या भिंतीवर फडक्याचे ओरखडे ऱ्हातात, चुना इरतो. तुमची भिंत पुसलेली न्हाई, अप्पा. तिथं पंखाच फिरला न्हाई. मग फायली बगितल्या. बारा वर्षांत तुमच्या मशीनवर योक बी फाईल झालेली न्हाई. तुमी कागदावर लिव्हायचे, दैवशाला सुट्टीत टाईप करायची. आता सगळी मशीन लोकांसमोर उघडणार हे तुमाला कळलं. ह्यात काय हाय म्हणून तुमी मशीन नेलं न्हाई. ह्यात काहीच न्हाई, म्हणून नेलं."

मी वाकलो आणि धोतर बाजूला केलं. बाईंनी पत्रा सरकवला. माझ्या आयुष्यात मी शेकडो कॉम्प्युटर वाहिले, पण असा बघितला नव्हता. वरून हळदीकुंकवाचे आणि भस्माचे थरावर थर, बारा दसऱ्यांचे. आत मात्र दुकानातून आजच आणल्यासारखा. पंख्याच्या पात्यावर डाग नाही.

"बसवणाऱ्यानं योकदा लावून दावलं व्हतं," अप्पा म्हणाले. डोळे वहीवरच होते. "पाच मिन्टं. तो गेला आन माझ्या ध्यानातून बटन गेलं. सभेत मीच म्हणलो व्हतो, ज्याला येणार न्हाई तो आडाणी. मग कोणाला इचारू? आज इचारू, उद्या इचारू, आसं करत बारा वर्षं गेली. रोज फूल ठिवायचो. बंद देवाला वाहतात तसं."

"आन दैवशाला?"

"तिला कळलं पैल्याच म्हैन्यात. बोलली न्हाई. कागद उचलायची आन जायची." त्यांनी वही मिटली. "शनवारी पोथी ऱ्हायली म्हणून चावी मागितली. शिवप्रकाशची जीप तिनं बगितली. तरी बोलली न्हाई."

"आज बी बोलली न्हाई, अप्पा. म्हणून आज तीन वाजता तिला चोर ठरवून पोलिसात देणार हायेत."

अप्पांनी मान वर केली. इतका पांढरा पडलेला चेहरा मी पाहिला नाही. त्यांना हे ठाऊकच नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. गौराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "पोरीला शाळंत घालायला तुमीच गेलते न्हवं तिच्या बापाकडं? मेंढरांच्या वाड्यावर?"

अप्पा उठले आणि टोपी शोधू लागले.

५

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ओसरी, अंगण, सगळीकडं माणसं. भुजंगराव उभं राहून बोलत होते आणि दैवशाला टेबल तीनजवळ एकटी बसली होती. तिच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी कॉम्प्युटर खांद्यावरून आत नेला. मागून अप्पा आले. लोकांनी वाट दिली, दोघेतिघे पाया पडायला वाकले. अप्पांनी त्यांना हातानं थांबवलं.

"पाया नका पडू. आधी ऐका," ते म्हणाले. "डबा म्या नेला. पोरीनं न्हाई. ह्यात तुमचं काहीच न्हाई, कारन म्या हा कधी लावलाच न्हाई. मला येत न्हाई. बारा वर्षं मी बंद पडद्याम्होरं बसलो. तुमचं समदं काम ह्या पोरीनं केलं, सवताची भाकर बाजूला ठिवून. आडाणी कोण, ते आता तुमी ठरवा."

भुजंगरावांच्या हातात तक्रारीचा कागद होता, तो त्यांनी चारदा दुमडला आणि खिशात घातला. मग ते दैवशालासमोर गेले. "माजं चुकलं," ते म्हणाले. चेअरमन लोकांच्या तोंडून हे शब्द मी फार वेळा ऐकलेले नाहीत.

अप्पा तिच्याजवळ गेले. "कामून बोलली न्हाईस?"

"तुमी मला पाटी दिली तवा मला बी लिव्हता येत नव्हतं, अप्पा," ती म्हणाली. "तुमी कुणाला सांगितलं का?"

सभेत केवळाबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यानंतरचा ठराव एका मिनिटात झाला. दैवशाला सचिव.

मी तो सहावा कॉम्प्युटर उचलून टेम्पोकडं निघालो, तर बाईंनी अडवलं. "हा कुठं? हा भंगार न्हाई." त्यांनी आतला बारका सेल बदलला, एक पेन ड्राईव्ह लावला. क्लाऊडला टेबलावर फार शहाणं मशीन लागत नाही, नुसती खिडकी लागते, आणि ही खिडकी तर कधी उघडलीच नव्हती. सचिवाच्या टेबलावर तो पुन्हा बसवला. लोक आडोशाभोवती गोळा झाले.

"दैवशाला, लाव," भुजंगराव म्हणाले.

तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मी न्हाई लावायची. अप्पा, हितं बगा. हे गोल हाय ना, ते दाबा."

अप्पांनी आधी कपाळावरचं भस्म बोटावर घेतलं, मग काहीतरी आठवल्यासारखं ते धोतराला पुसून टाकलं, आणि कोरड्या बोटानं बटन दाबलं. पंखा फिरला. आपलं नाव त्यांनी एका बोटानं टाईप केलं. त्याला इतका वेळ लागला की बाहेर एसटी येऊन गेली, पण अंगणातलं एकही माणूस उठलं नाही.

मी परभणीला सहाच कॉम्प्युटर नेले, पाच लोकरीचे, एक कापसाचा. जेवण संध्याकाळी पाचला मिळालं.

पुढं वर्षभरानं त्या बाजूला भाडं होतं म्हणून सहज डोकावलो. दैवशाला बाहेरून फोनवर आलेला एक कागद बघत होती, आणि तिच्या शेजारी अप्पा. दर आठवड्याला एसटीनं येतात म्हणे, संस्थेच्या जुन्या हस्तलिखित वह्या स्वतः टाईप करायला. दफ्तराला नवा चुना दिलेला होता. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर सचिवाच्या टेबलामागं तेवढा एक करडा डाग होता, तळव्याएवढा.

"हा ऱ्हायला की," मी म्हणालो.

"ऱ्हायला न्हाई," दैवशाला म्हणाली. "चुना देणाऱ्याला अप्पांनी तेवढी जागा सोडायला लावली."